घरातले पाणी नेमके जाते कुठे? तांब्या आणि घड्याळ एवढ्यावर मांडता येणारा हिशेब

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याचे दहा टँक वॅगन घेऊन एक रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेत तिने आणलेले पाणी सुमारे पाच लाख लिटर होते. तीन वर्षांनी, जुलै २०१९ मध्ये, जोलारपेट्टईहून निघालेली तशीच एक गाडी सुमारे २५ लाख लिटर पाणी घेऊन चेन्नईत दाखल झाली. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरूच्या जलमंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यास व बागांना ते पाणी घालण्यास मनाई केली आणि पाच हजार रुपये दंड ठरवला. तिन्ही शहरांचा पाऊस वेगळा, भूगोल वेगळा. पण टंचाईच्या त्या आठवड्यांत तिन्हीकडे घराघरांत एकच प्रश्न विचारला गेला असणार : रोजच्या वापरातले नेमके कोणते पाणी कमी करायचे?

या प्रश्नाचे सवयीने दिले जाणारे उत्तर बहुधा चुकते. पाहुण्याला अर्धाच पेला पाणी द्यावे, भाजी धुतलेले पाणी कुंडीला घालावे, अशा सूचना दर उन्हाळ्यात नव्याने फिरतात. त्या वाईट नाहीत. परंतु घरातील पाण्याचा मोठा वाटा स्वयंपाकघरातून जातच नाही.

शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना भूमिगत गटारे असलेल्या शहरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण देशभर धरले जाते. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतून शिकवली जाणारी त्याची विभागणी अशी : आंघोळीसाठी ५५ लिटर, शौचालयासाठी ३०, कपडे धुण्यासाठी २०, भांडी घासण्यासाठी १०, फरशी व घराच्या स्वच्छतेसाठी १०, स्वयंपाकासाठी ५ आणि पिण्यासाठी ५. म्हणजे पोटात जाणारे आणि अन्नात शिजणारे पाणी मिळून अवघे १० लिटर. आंघोळ आणि शौचालय यांचे मिळून ८५. ज्याला खरोखर पाणी वाचवायचे आहे त्याने स्वयंपाकघराच्या आधी न्हाणीघराचे दार उघडावे, हे या आकड्यांतूनच निघते.

चौघांच्या कुटुंबाला या हिशेबाने दिवसाला ५४० लिटर आणि महिन्याला सुमारे १६ हजार २०० लिटर पाणी लागते. प्रत्यक्षात कोणत्या घरात किती लागते, हे मात्र बहुतेक घरांना ठाऊक नसते. विजेच्या बिलावरचे युनिट वाचणाऱ्या कुटुंबाला पाण्याचा आकडा विचारला तर उत्तर मिळते ते ‘एक टाकी’ किंवा ‘सकाळ-संध्याकाळ मोटार लावतो’ असे. खरी अडचण इथूनच सुरू होते.

शौचालयाची टाकी

जुन्या घरांतील शौचालयाची टाकी एका वेळी साधारण दहा लिटर, काही ठिकाणी त्याहूनही अधिक पाणी सोडते. चार माणसांनी दिवसातून पाच-पाच वेळा ती वापरली तर २०० लिटर पाणी केवळ या एका कामी जाते. दोन बटणांच्या आधुनिक टाकीत मोठे बटण सुमारे सहा आणि लहान बटण सुमारे तीन लिटर पाणी सोडते. एकदा मोठे आणि चारदा लहान, असा वापर धरला तर माणशी १८ लिटर, म्हणजे चौघांचे ७२ लिटर होतात. दिवसाला १२८ लिटरची ही बचत कोणाचीही आंघोळ किंवा तहान न तोडता होते. महिन्याचा आकडा ३ हजार ८०० लिटरच्या पुढे जातो. तेवढ्या पाण्यात एक लहान टँकर जवळजवळ भरतो.

टाकी बदलणे प्रत्येकाला परवडेल असे नाही. भाड्याच्या घरात तर तो प्रश्नच येत नाही. अशा ठिकाणी एक लिटरची प्लास्टिकची बाटली पाण्याने भरून, झाकण घट्ट लावून टाकीत उभी ठेवावी. तेवढी जागा बाटलीने अडवल्यामुळे प्रत्येक वेळी एक लिटर पाणी कमी सुटते. वीस वेळांच्या वापरात दिवसाला वीस लिटर. काही जण बाटलीऐवजी वीट ठेवतात. ते टाळावे, कारण विटेची माती सुटून झडपेत अडकते आणि मग टाकी गळू लागते. बाटलीही झडप आणि तरंगता गोळा यांच्यापासून दूर राहील अशी ठेवावी लागते. पाणी कमी करण्यालाही मर्यादा आहे. भांडे नीट स्वच्छ होत नसेल आणि दोनदा बटण दाबावे लागत असेल, तर बचतीचा हिशेब उलटतो.

बादलीभर पाण्याने शौचालय धुण्याची जुनी पद्धत या बाबतीत अनेक आधुनिक टाक्यांपेक्षा काटकसरीची आहे. हाताने पाणी ओतायच्या भारतीय पद्धतीच्या भांड्याला दोन लिटरच्या आसपास पाणी पुरते. ही पद्धत मागासलेली समजून ज्यांनी सोडली, त्यांच्या पाण्याच्या वापरात वाढ झाली, ही गोष्ट फारशी कोणी बोलत नाही.

आंघोळीचेही तसेच. बादली वीस लिटरची धरली तर दोन बादल्यांत चाळीस लिटर पाण्यात भरपूर आंघोळ होते. मिनिटाला दहा लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली आठ मिनिटे उभे राहिले तर ऐंशी लिटर जातात. शॉवर मुळात वाईट नाही. मिनिटाला सहा-सात लिटर सोडणारा शॉवर चार मिनिटे वापरला तर तो दोन बादल्यांपेक्षाही कमी पाण्यात काम करतो. फरक यंत्रापेक्षा वेळेत आहे. बादली रिकामी झाली की आंघोळ संपते. शॉवरला असा शेवट नसतो. गिझरचे गरम पाणी येण्याआधी नळातून वाहणारे काही लिटर थंड पाणी बादलीत धरण्याची सवय मात्र सहज लागण्यासारखी आहे.

तांब्या आणि घड्याळ

नळातून मिनिटाला किती पाणी येते, हे जाणण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. एक लिटरचा तांब्या नळाखाली धरावा आणि तो भरायला किती सेकंद लागतात ते मोजावे. पाच सेकंदांत भरला, तर नळ मिनिटाला बारा लिटर पाणी सोडतो आहे. दात घासताना असा नळ तीन मिनिटे उघडा राहिला की ३६ लिटर जातात. ज्या आंघोळीसाठी बादल्या मोजल्या जातात, तिच्याइतकेच पाणी केवळ ब्रश तोंडात असताना मोरीत जाते.

याच मापाने स्वयंपाकघराकडे पाहता येते. भांडी घासताना नळ अर्धाच उघडला, मिनिटाला सहा लिटर पाणी येऊ दिले आणि काम पंधरा मिनिटे चालले, तर ९० लिटर लागले. प्रमाणानुसार चौघांच्या भांड्यांना ४० लिटर पुरायला हवेत. खरकटे आधी पुसून काढले, भांडी टपात भिजवली, नळ बंद ठेवून घासली आणि शेवटी एकदाच विसळली, तर ते पुरतात. घरोघरी भांडी घासणारी मदतनीस ज्या वेगाने काम उरकते, त्या वेगामागे पुढच्या घरी पोहोचण्याची घाई असते; तिला नळ बंद करण्याचा उपदेश करण्यापेक्षा सिंकपाशी एक टप ठेवून देणे अधिक उपयोगाचे.

नळाच्या तोंडाशी फिरकीने बसणारी एक लहान जाळी मिळते. प्लंबर तिला एरेटर म्हणतात. ती पाण्यात हवा मिसळते. धार भरघोस वाटते, पण पाणी निम्म्याहून कमी येते. बंगळुरूने २०२४ च्या टंचाईत व्यापारी संकुले आणि हॉटेलांसाठी ही जाळी सक्तीची केली. हात धुणे, भाजी धुणे, भांडी विसळणे यांसाठी ती उत्तम. बादली भरण्याच्या नळाला तिचा काही उपयोग नाही, कारण बादलीला तेवढेच पाणी लागते, फक्त ती भरायला जास्त वेळ लागतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने तिची छिद्रे बुजतात, तेव्हा ती अधूनमधून व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवून स्वच्छ करावी लागते.

गळती हा प्रकार आणखी निराळा. टपटपणाऱ्या नळाखाली एक लिटरचा मग ठेवावा. तासाभरात तो भरला, तर दिवसाला २४ लिटर आणि वर्षाला ८ हजार ७६० लिटर पाणी त्या एका नळातून जाते. दोष बहुधा काही रुपयांच्या वॉशरचा असतो. अडचण अशी की इतक्या लहान कामाला प्लंबर सहजी येत नाही आणि मोठे काम निघेपर्यंत नळ टपटपत राहतो. पाना आणि दोन-चार वॉशर घरात असले की हा प्रश्न अर्ध्या तासाचा उरतो.

ऐकू न येणारी गळती अधिक महागात पडते. शौचालयाच्या टाकीतील रबरी झडप झिजली की पाणी भांड्याच्या कडेने पातळ थराने अखंड उतरत राहते. ना आवाज, ना ओल. टाकीत खाण्याच्या रंगाचे किंवा हळदीचे पाणी टाकून पंधरा मिनिटे बटण दाबू नये. भांड्यात रंग उतरला, तर झडप गळते आहे. सगळ्या घराची परीक्षा घ्यायची असल्यास रात्री सर्व नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी पहिला नळ उघडण्यापूर्वी पुन्हा पाहावा. मीटर नसेल तर गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी खडूने आखून ठेवली तरी चालते. फक्त त्या वेळात टाकीत नवे पाणी येत नसावे.

गच्चीवरची टाकी भरून वाहणे हा मात्र शोधून काढण्याचा विषय नाही, तो अख्ख्या गल्लीला दिसतो. पंपाच्या ताकदीनुसार दहा मिनिटांत काहीशे लिटर पाणी गच्चीवरून रस्त्यावर येते आणि त्यासोबत ते वर चढवायला लागलेली वीजही वाया जाते. बॉल कॉक बिघडला आहे हे महिनोन्महिने माहीत असते. पण मोटार बंद करणे हे नेहमी दुसऱ्या कोणाचे तरी काम असते.

शुद्धीकरण यंत्राची नळी

गेल्या दोन दशकांत मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात पाण्याचा एक नवा वाटेकरी आला : आरओ यंत्र. सर्वसाधारण घरगुती आरओ यंत्र एक लिटर पाणी शुद्ध करताना दोन ते तीन लिटर पाणी बाहेर टाकते. दिवसाला दहा लिटर शुद्ध पाणी वापरणाऱ्या घरातून त्यामुळे वीस ते तीस लिटर पाणी एका बारीक नळीवाटे सिंकमध्ये जाते.

आरओचे काम पाण्यातील विरघळलेले क्षार काढण्याचे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात असे एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानले जातात. नदी वा धरणाचे, महापालिकेने शुद्ध केलेले पाणी अनेक शहरांत या मर्यादेच्या बरेच आत असते. तेथे जंतूंचा बंदोबस्त पुरेसा ठरतो आणि तो पाणी उकळून किंवा अतिनील किरणांच्या यंत्रानेही होतो. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या भागांत आरओच्या वापरावर निर्बंध आणण्यास आणि यंत्रातून किमान ६० टक्के पाणी वापरायोग्य मिळावे अशी अट घालण्यास केंद्र सरकारला सांगितले, त्यामागे हेच कारण होते. जेथे पाणी खारट आहे, किंवा त्यात फ्लोराइड वा आर्सेनिक आहे, तेथे आरओ चैन नसून गरज असते. प्रश्न आहे तो गोड्या पाण्याच्या गावात शेजाऱ्याने घेतले म्हणून घेतलेल्या यंत्राचा. क्षार मोजणारे पेनच्या आकाराचे मीटर काहीशे रुपयांत मिळते. यंत्र खरेदीच्या आधी त्याने एकदा पाणी तपासून घ्यावे.

यंत्र असेलच, तर नळी बादलीत सोडावी. ते पाणी फरशी पुसणे, शौचालय धुणे यासाठी निर्धोक असते. मात्र मूळ पाणी खारट असेल तर या पाण्यात क्षार आणखी वाढलेले असतात आणि रोज तेच घातल्यास कुंडीतील झाडे हळूहळू करपतात. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. झाडांना ते चालते, पिण्यास नाही.

‘शिळे’ पाणी

भारतातील बहुसंख्य शहरांत नळाला दिवसभर पाणी नसते. ते ठरलेल्या वेळी येते. कुठे रोज दोन तास, कुठे एक दिवसाआड, कुठे आठवड्यातून एकदा. पाणी कमी येते म्हणून लोक ते जपून वापरत असतील, असा समज होतो. पण या पद्धतीतच नासाडीची दोन कारणे दडलेली आहेत. पहाटे चारला पाणी येणार असेल तर रात्रीच नळ उघडा ठेवून पिंप खाली लावले जाते आणि पिंप भरून वाहू लागले तरी जाग येतेच असे नाही. दुसरे कारण, नवे पाणी आले की कालचे ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतले जाते आणि तेच हंडे पुन्हा भरले जातात.

झाकून ठेवलेले शुद्ध पाणी एका दिवसात नासत नाही. त्यातील क्लोरीनचे प्रमाण हळूहळू उतरते, हे खरे; म्हणून पिण्याचे पाणी ताजे भरावे. परंतु उरलेले पाणी कपडे, फरशी वा शौचालयासाठी उत्तम असते. भांडे झाकलेले असावे आणि हात न बुडवता दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढावे, एवढेच पथ्य. साठवणीची पिंपे मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून कोरडी करावीच लागतात. डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. त्या दिवशी रिकामे होणारे पाणी कपड्यांच्या कामी लावले तर ते वायाही जात नाही.

चोवीस तास पाणी दिले तर लोक ते उधळतील, ही भीती सरकारी बैठकांतून वारंवार व्यक्त होते. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूरने दीड दशकापूर्वीच या भीतीला उत्तर दिले. तेथे चोवीस तास पाण्याबरोबर प्रत्येक जोडणीला मीटर आणि जास्त वापराला चढता दर आला. ओडिशातील पुरी शहरात २०२१ पासून नळाचे पाणी थेट पिता येईल अशा दर्जाने अखंड पुरवले जाऊ लागले. नळ उघडताच पाणी येईल याची खात्री असलेल्या घराला पिंपे भरण्याचे कारण राहत नाही आणि ‘शिळे’ हा शब्दही मग पाण्याला लागत नाही.

थेंबांनी काय होणार?

देशात वापरल्या जाणाऱ्या पाण्यापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणी शेतीला लागते. मग घरातील चार बादल्यांनी काय साधणार, असा आक्षेप घेतला जातो. आकड्यांच्या दृष्टीने तो चुकीचा नाही. उसाच्या एका मळ्याला लागणाऱ्या पाण्यापुढे शौचालयाच्या टाकीतील बाटली क्षुल्लकच. तथापि शेतातले पाणी आणि नळातले पाणी एकाच मोलाचे नसते. इंदूरच्या घरांत येणारे नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरून विंध्याचा चढ चढून येते. बंगळुरूला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपांनी वर उचलावे लागते. हैदराबादची तहान कृष्णा आणि गोदावरी शंभर-शंभर किलोमीटरपलीकडून भागवतात. ते पाणी उचललेले, गाळलेले, क्लोरीन घातलेले आणि नळांतून फिरवलेले असते. त्याच्या प्रत्येक लिटरमागे वीज आणि पैसा असतो.

शिवाय घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे नियोजनात धरले जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाच्या शहरी भागात दररोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते आणि त्यातील जेमतेम २० हजार दशलक्ष लिटरवर प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती. उरलेले नाल्यांतून नद्यांत गेले. नळ बंद केल्याने धरणात किती पाणी उरले हे सांगणे अवघड. नदीत तेवढे मैलापाणी कमी गेले, हे निश्चित.

मात्र काटकसरीचा हा सल्ला सर्वांना एकाच सुरात देता येत नाही. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई ५५ लिटर हे उद्दिष्ट ठेवले आहे. ज्या वस्तीत डोक्यावरून हंडे वाहावे लागतात आणि माणशी दोन बादल्याही मिळत नाहीत, तेथे पाणी आधीच थेंबाथेंबाने वापरले जाते. ते वाहणाऱ्या बाईला बचत शिकवण्याची आवश्यकता नाही. तिला पाण्याची आवश्यकता आहे. एकाच शहरात एका घराला दरडोई दोनशे-तीनशे लिटर आणि पलीकडच्या वस्तीला चाळीस, असे चित्र असते, तेव्हा बचतीची जबाबदारी पहिल्या घराची आहे. हात धुण्याच्या पाण्यात कपात मात्र कोणीच करू नये.

दरपत्रकातूनही हे सांगता येते. दिल्लीत २०१५ मध्ये महिन्याला २० हजार लिटरपर्यंत पाणी मोफत झाले. त्यापुढे गेल्यास केवळ वरच्या नव्हे, तर संपूर्ण वापराचे बिल भरावे लागते. पाच जणांच्या कुटुंबाला ही मर्यादा दरडोई १३३ लिटर पडते, म्हणजे जवळजवळ १३५ चेच प्रमाण. मर्यादेच्या आत राहण्यासाठी मीटर चालू असणे आणि तो वाचणे दोन्ही आले.

मुंबईसह अनेक महानगरांत मीटर असतो तो बहुधा साऱ्या सोसायटीचा मिळून. बिल घरांमध्ये सारखे वाटले जाते. दोन वृद्ध राहणारे घर आणि सहा जणांचे कुटुंब सारखेच पैसे भरते, मग नळ दुरुस्त करण्याची घाई कोणाला असणार? प्रत्येक घराला स्वतंत्र मीटर बसवावा, ही सूचना ऐकायला सोपी आहे. जुन्या इमारतींत ती अडते, कारण गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालय यांना वेगवेगळ्या उभ्या नळ्या येतात आणि एका घराला तीन किंवा चार मीटर लागतात. नव्या इमारतींत आराखड्याच्या वेळीच एका घराला एकच जोडणी ठेवली तर हा खर्च उरत नाही.

तोवर सोसायटीला मुख्य मीटरचा आकडा रोज ठरलेल्या वेळी सूचना फलकावर लिहिता येतो. रखवालदाराने खालच्या टाकीचा पंप बंद असताना रात्री एक आणि पहाटे चार वाजता गच्चीवरच्या टाकीची पातळी नोंदवली, तर सारी इमारत झोपेत असताना किती पाणी उतरले हे आठवड्याभरात समजते. ते प्रमाण जास्त निघाले, तर प्रत्येक मजल्यावरच्या शौचालयात रंगाचे पाणी टाकून गळणारी झडप शोधावी लागते.